अतिवृष्टीचं सरकारी अनुदान: वाटप बरं, कागद कच्चे

मत आधीच सांगून टाकलेलं बरं. अतिवृष्टी किंवा अवकाळीनंतर सरकारकडून शेतकऱ्याच्या खात्यात जी मदत येते, तिचं वाटप पूर्वीपेक्षा नक्कीच सुधारलं आहे. धनादेश नाहीत, यादीसाठी कुणाच्या दारात उभं राहणं नाही, मधला हात नाही. रक्कम मात्र तुटपुंजी आहे आणि कागदांची बाजू कच्ची आहे. पाचापैकी गुण द्यायचे तर वाटपाला साडेतीन, पंचनाम्याला दोन, आणि तक्रार निवारणाला एक, तोही हात सैल सोडून.

हे परीक्षण मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यातल्या भातशेतकऱ्यांसाठी आहे. ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात नोकरी करून गावची खाचरं सांभाळणाऱ्यांनी तर ते नीट वाचावं, कारण यादीत नाव असूनही पैसे अडकलेले बरेच जण याच गटातले असतात.

पहिली गोष्ट, ही नुकसानभरपाई नव्हे. शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं की शेतकऱ्याला पुढच्या हंगामात उपयोगी पडावं म्हणून दिलेलं हे निविष्ठा (बियाणं, खत वगैरे) अनुदान आहे, आणि तेही एका हंगामात एकदाच. म्हणजे जुलैच्या पुरात आवण (भाताची रोपं) गेलं त्याचं अनुदान घेतलं आणि ऑक्टोबरात त्याच गटातलं, म्हणजे सातबाऱ्यावरच्या त्याच गट क्रमांकाच्या जमिनीतलं, कापलेलं भात भिजलं, तर दुसऱ्यांदा मिळेल हे धरून चालू नका. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच पात्रता. आणि ३३ टक्के गेलं काय नि शंभर टक्के गेलं काय, हेक्टरी दर एकच. त्यामुळे पंचनाम्यात ३० लिहिलं की हातात शून्य, ३५ लिहिलं की पूर्ण रक्कम. हा आकडा बांधावर उभं राहून नजरअंदाजाने ठरतो. सगळ्या व्यवस्थेतला सर्वात नाजूक सांधा तो हाच.

आता दर. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे दर असे: कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि मर्यादा दोन हेक्टर. या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. त्यावर जे वाढवून दिलं जातं ते राज्याच्या तिजोरीतून, म्हणून ते दर वेळी वेगळं असतं. भातासाठी, म्हणजे कोरडवाहू दराने, काय काय झालं बघा. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या अवकाळीला राज्यपालांनी हेक्टरी ८,००० जाहीर केले. २०२० आणि २०२१ मध्ये १०,००० झाले. २०२२ मध्ये दर दुप्पट करून १३,६०० आणि मर्यादा तीन हेक्टर. मे २०२५ मध्ये गाडी पुन्हा ८,५०० आणि दोन हेक्टरांवर आली. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात मर्यादा परत तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी वगैरे हेक्टरी १०,००० जास्तीचे जाहीर झाले.

एका खाचरावर उतरवून पाहू. शहापूरकडे २५ आर, म्हणजे साधारण २५ गुंठ्यांचं खाचर ही काही लहान गोष्ट नाही. त्याला २०१९ च्या दराने २,००० रुपये, २०२० च्या दराने २,५००, २०२२ च्या दराने ३,४००, मे २०२५ च्या दराने २,१२५, आणि वरचे दहा हजार धरले तर ४,६२५. त्या २५ आरात सहा क्विंटल भात धरलं, तर २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने १४ हजारांवर माल होतो. लावणीच्या मजुरीलाही हे अनुदान पुरत नाही, हे कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको. फार लहान तुकडा असेल तर किमान रक्कम लक्षात ठेवा: कोरडवाहूला १,००० रुपये. पाच गुंठ्यांचं हिशेबाने सव्वाचारशे येतं म्हणून कुणी परत पाठवत असेल तर किमान रकमेचा नियम दाखवा.

दोन हेक्टर की तीन हेक्टर यावर विधानसभेत आणि वाहिन्यांवर जी खडाजंगी होते, तिचा ठाणे जिल्ह्यातल्या बहुतेक भातशेतकऱ्यांशी फारसा संबंध नाही. इथे सातबाऱ्यावर नावं आठ आणि क्षेत्र एकरभर. आपला प्रश्न मर्यादेचा नाही, नावांचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

दराचा एक बारकावा मात्र इथे कामाचा आहे. भात निघाल्यावर मुरबाड-शहापूरकडे विहीर किंवा बोअरच्या पाण्यावर भेंडी लावतात. मार्चमध्ये गारपीट किंवा अवकाळी झाली तर ती भेंडी बागायती, दर १७,०००. पण ती बागायती ठरते कशावरून? गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, जलसिंचनाचं साधन लिहिलं आहे का त्यावरून. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची नोंद, करताना पिकाचं नाव टाकून फोटो काढून लोक मोकळे होतात आणि सिंचनाच्या रकान्यात ‘कोरडवाहू’ किंवा ‘अजलसिंचित’ तसंच राहून जातं. तिथे निम्मे पैसे गेले. चूक लक्षात आली तर ४८ तासांच्या आत स्वतःची नोंद एकदा दुरुस्त करता येते, त्यानंतर तलाठ्याकडे जावं लागतं.

ई-पीक पाहणीबद्दल आणखी. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून ती चालू झाली आणि आता पंचनाम्याची टीम आधी तिचीच नोंद बघते. सातबाऱ्यावर ‘पड’ आणि शेतात भात, असं असेल तर वाद तुम्हीच घालायचा. खरिपाची नोंद ऑगस्टपासून करायची असते. मुदत वाढते, पण वाढीवर विसंबू नये. फोटो गटाच्या आत उभं राहूनच काढायचा, रस्त्यावरून नाही, कारण ॲप गटापासूनचं अंतर दाखवतं. डोंगरपायथ्याच्या गावांत रेंज नसते. फोटो शेतात काढा, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा, आणि अपलोड झाल्याचा संदेश येईपर्यंत ॲप काढून टाकू नका. पोटखराबा वजा जाऊन लागवडीलायक जितकं उरतं तितकंच क्षेत्र टाकता येतं. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरची नाचणी-वरी लोक नोंदवतच नाहीत. ती गेली तर तिच्यासाठी मागायला कागदच नसतो.

आता पाऊस. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावांच्या महसुली गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. मोजतो कोण, तर मंडळातलं महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र. मराठवाड्यात ६५ मिमी म्हणजे आकाश फाटलं. आपल्याकडे जुलैत तो साधा बुधवार असतो. म्हणून ठाण्यात हा निकष सहज पुरा होतो, पण भात पाण्यात उभं राहणारं पीक असल्याने ३३ टक्के नुकसान दाखवणं अवघड जातं. खरा घात होतो ऑक्टोबरात. भात कापून खाचरात पसरलेलं असतं, संध्याकाळी वीस-पंचवीस मिमीची सर येते, लोंब्या चिखलात, तिसऱ्या दिवशी कोंब. तिथे ६५ चा आकडा उपयोगाचा नाही. मंडळाची आकडेवारी तुमच्या बाजूने बोलणार नाही, प्रत्यक्ष पंचनामाच बोलेल. कापलेलं भात लगेच उचलून उडवी रचू नका, किंवा रचावी लागलीच तर आधी फोटो काढा: एक पूर्ण खाचराचा, एक बांधावरच्या ओळखीच्या खुणेसह, एक कोंब फुटलेल्या लोंबीचा अगदी जवळून. जीपीएस मॅप कॅमेऱ्यासारखं तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं ॲप वापरा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दबलेला असतो, म्हणून मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.

लावणीआधी राब (भाताच्या रोपांचा वाफा) वाहून गेला तर गोष्ट आणखी वाकडी. अनुदान पेरणी झालेल्या क्षेत्रापुरतंच. हेक्टरभर लावणीला राब असतो जेमतेम दहा गुंठ्यांचा. पंचनाम्यात दहा गुंठेच लागले तर हातात हजाराच्या आसपास येणार, आणि लावणीचा हंगाम मात्र अख्ख्या हेक्टराचा गेलेला. निकष लिहिणाऱ्याला भाताची रोपं आधी वेगळी वाढवतात हे ठाऊकच नसावं, असं वाटण्याजोगी ही त्रुटी आहे.

पंचनामा तिघे मिळून करतात: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. आता त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी अशी झाली आहेत. गावात तलाठी तो तलाठीच. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावांचा सजा (कार्यक्षेत्र), त्यामुळे सगळे गट पायाखालून घालणं होत नाही आणि ग्रामपंचायतीत बसून यादी होते. म्हणून बोलावण्याची वाट न बघता दोन-तीन दिवसांत साधा अर्ज द्या. त्यात हवं ते इतकंच: गावाचं नाव, गट क्रमांक, खाते क्रमांक, पीक, त्याखालचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, नुकसानीची तारीख आणि वेळ, कारण (अतिवृष्टी, पूर, अवकाळी, वीज), मोबाइल नंबर. ‘माझे फार नुकसान झाले आहे, तरी साहेबांनी दया करावी’ या ओळीची गरज नाही. सोबत १५ रुपयांचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन केलात तर आपत्तीची नोंद होते, तुमच्या गटाचा अर्ज होत नाही.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तीन आकडे वाचा: गट, क्षेत्र, टक्का. कोऱ्या रकान्यांवर सही करून दिलेले पंचनामे हा जुना रोग आहे आणि नंतर भांडायला तोंड राहत नाही.

नावांचा घोळ. सातबाऱ्यावर आजोबा, ते जाऊन पंधरा वर्षं झालेली, वारस नोंद नाही: अनुदान नाही. मयताच्या आधारवर ई-केवायसी (अंगठा किंवा ओटीपीने ओळख पटवणं) होऊ शकत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. वारस नोंदीचा फेरफार पूर आल्यावर टाकला तर तो मंजूर होईपर्यंत यादी निघून जाते. सामाईक खात्यात काका-पुतणे-आत्या अशी नावं असतील तर एकाच्या नावे रक्कम जमा करायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. आत्या डोंबिवलीला, काका सुरतेला, एक चुलतभाऊ बोलत नाही. तो कागद पावसाआधी, सगळे गणपतीला गावी जमतात तेव्हा करून ठेवावा. कुठे साध्या कागदावर चालतं, कुठे मुद्रांकावर मागतात. तहसीलमध्ये आधी विचारून घ्या.

आणि अर्धेलीने कसणारे. जमीन ठाण्याच्या किंवा मुंबईच्या माणसाने घेतलेली, फार्महाऊसच्या मागे भात लावतो गावातला. बियाणं त्याचं, राबणं त्याचं, पण अनुदान जातं सातबाऱ्यावरच्या खात्याला, कारण यंत्रणेला फक्त सातबारा दिसतो. यावर नियमात औषध नाही. मालकाशी आधीच बोलून ठेवणं, एवढंच. वनपट्टेधारकांनी पंचनाम्यात वनपट्ट्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि पट्ट्याची प्रत अर्जाला जोडावी. ‘सातबारा नाही’ म्हणून परत पाठवलं तर तसं लेखी मागावं.

२०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीची फार्मर आयडी, यात आली. ही सुधारणा बरी आहे, कारण ऑक्टोबर २०२५ च्या मदतीत ज्यांची आयडी तयार होती त्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट मिळाली. पण एक चूक वारंवार होते. माणसाची जमीन दोन गावांत असते आणि आयडी काढताना केंद्रवाला एकाच गावचं खातं जोडतो. आयडी निघते, सगळे खूश, आणि दुसऱ्या गावातल्या गटाचं नुकसान आयडीला सापडतच नाही. आयडीच्या पावतीवर सगळे गट आहेत का ते एकेक करून मोजा.

यादीचा प्रवास असा: तलाठी, मग तहसीलदार, मग ठाण्याला जिल्हाधिकारी, मग बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्त, तिथून मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभाग. शासन निर्णय निघतो, त्याच्या परिशिष्टात जिल्हावार बाधित क्षेत्र आणि निधी असतो. वाहिनीवर घोषणा ऐकून बँकेत जाऊ नका. आपला जिल्हा परिशिष्टात आहे का ते बघा. निधी आला की तहसीलमधून याद्या पोर्टलवर चढतात आणि प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. यादी ग्रामपंचायतीत आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागते.

व्हीके नंबर आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं. अंगठा लावायच्या आधी स्क्रीन स्वतः वाचा. नाव, आधारचे शेवटचे अंक, खातं, बाधित क्षेत्र, रक्कम दिसते. काही चुकलं असेल तर तिथेच तक्रारीचा पर्याय आहे, तो निवडला की प्रकरण तहसीलकडे परत जातं. गर्दीत केंद्रवाला ‘लावा अंगठा’ म्हणतो, लोक लावतात, आणि ४० आरच्या जागी ४ आर कायमचे मान्य होतात. पीएम किसानची ई-केवायसी झाली म्हणजे ही झाली असं नाही, दोन्ही वेगळ्या. लावणी-कापणी करून बोटं घासलेल्यांचा ठसा उमटत नाही. दुसरं बोट, ओलसर फडक्याने पुसून पुन्हा, नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. मोबाइल जोडलेला नसेल तर तो आधी जोडून घ्या. पावती घ्या, त्याच नंबरावर पैसे कुठे आहेत ते पुढे पोर्टलवर दिसतं.

पैसे येतात ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. ते आधारला शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात. ‘मिळालेच नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे पैसे नवी मुंबईच्या कंपनीने उघडून दिलेल्या जुन्या पगार खात्यात किंवा विसरलेल्या जनधन खात्यात सापडतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची (आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्याची) स्थिती दिसते, तिथे बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ आहे का ते बघा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते. शंभर रुपये भरून आणि केवायसी देऊन ते जागं करता येतं. कुठेच जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं आधार जोडलेलं खातं उघडतो, हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग.

आणि बँकेने ही रक्कम पीककर्जात वळती केली किंवा होल्ड लावला, तर शासन निर्णयाची प्रत घेऊन जा. मदतीच्या रकमेतून कुठल्याही प्रकारची वसुली करू नये, हे वाक्य त्यात असतं. शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज, प्रत तहसीलदारांना. तोंडी सांगून होल्ड निघत नाही.

पिकाशिवायचं थोडक्यात, त्याच २०२२ ते २०२६ च्या दरांनी: दुधाळ गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. शवविच्छेदनाचा दाखला नसेल तर काही नाही, म्हणून पशुवैद्यकीय अधिकारी येईपर्यंत पुरू नका. वाहून गेलेलं जनावर सापडलंच नाही तर लगेच पंचनामा आणि पोलीस पाटलाचा दाखला मागून घ्या. शेतात गाळ साचला तर हेक्टरी १८,०००, नदीने जमीन खरवडून नेली तर हेक्टरी ४७,००० अल्पभूधारकाला. उल्हास, काळू, भातसा यांच्या काठच्यांनी हे वेगळं मागावं लागतं. पीक पंचनाम्यात जमीन आपोआप येत नाही.

पीकविमा हा वेगळा विषय आहे, दोन्ही एकत्र समजू नका. विमा घेतला म्हणून हे अनुदान बुडत नाही. मात्र खरीप २०२५ पासून राज्यात विमा पीककापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या काही नमुना शेतांत मोजलेल्या उत्पन्नावर, आणून ठेवला, त्यामुळे तुमच्या एकट्याच्या खाचरात पाणी साचलं म्हणून ७२ तासांत कळवण्याची जुनी सवय त्या हंगामाला लागू पडत नव्हती.

नाव यादीत नसेल, किंवा क्षेत्र कमी लागलं असेल, तर तहसीलमध्ये तोंडी विचारत बसण्यापेक्षा माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. मागायचं नेमकं: अमुक गटाच्या संयुक्त पंचनाम्याची प्रत, तहसीलने वर पाठवलेल्या यादीतलं त्या गावाचं पान, आणि पोर्टलवर चढवलेल्या यादीतलं तेच पान. तीन कागद शेजारी ठेवले की क्षेत्र नेमकं कुठल्या टेबलावर कमी झालं ते दिसतं, आणि पुढचा अर्ज त्या टेबलाच्या नावाने लिहिता येतो.